आठ महिने झाले, तरी हे शहर परकंच वाटतं

प्रिय ताई,

नवऱ्याला परदेशात चांगली नोकरी मिळाली म्हणून आठ महिन्यांपूर्वी आम्ही इथे आलो. मी फिजिओथेरपिस्ट आहे. तिकडची नोकरी सोडून आले. मुलगा सहा वर्षांचा. पहिले दोन-तीन महिने घर लावण्यात आणि फिरण्यात मजेत गेले. आता मात्र मुलगा शाळेत आणि हे ऑफिसला गेले की घर खायला उठतं. रोज सकाळी आईला फोन लावते, दोन-अडीच तास बोलते, पण तिला काळजी नको म्हणून 'सगळं छान चाललंय' एवढंच सांगते. बँक, डॉक्टर, मुलाची शाळा सगळं हेच बघतात, कारण माझी इथली भाषा कच्ची आहे. मागच्या आठवड्यात दुकानात काही विचारत होते, तर मुलाने सगळ्यांसमोर माझं वाक्य दुरुस्त केलं. घरी येऊन रडले. आपल्या भाषेच्या मंडळात दोनदा जाऊन आले, पण तिथे सगळे एकमेकांना आधीपासून ओळखतात. हे म्हणतात, 'तू बाहेर पड, ओळखी आपोआप होतील.' मला परत जावंसं वाटतं, पण हे घरात बोलायची सोय नाही. माझ्यातच काही कमी आहे का? अजून किती वाट बघायची?

– एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

तुमच्यात काही कमी नाही, हे आधी सांगते. आणि वाट बघण्याबद्दल विचाराल, तर नुसती वाट बघू नका. शहर आपलं वाटायला वेळ लागतो हे खरं, पण तो वेळ घरात बसून सरत नाही. तीच चार माणसं, त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा पुन्हा दिसत राहिली की एक दिवस त्यांच्यातलं कुणीतरी 'गेल्या आठवड्यात दिसला नाहीत' असं म्हणतं, आणि तिथून शहर आपलं व्हायला लागतं. तुमच्या आठ महिन्यांत ही पुनरावृत्ती घडलेलीच नाही. ती का घडली नाही, हे तुमच्या पत्रातच आहे.

सुरुवातीला बरं वाटलं आणि आता का बिघडलं, हा प्रश्न तुम्ही थेट विचारलेला नाही, पण तो पत्रभर दिसतो. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये अमेरिकेत जाऊन राहिलेल्या नॉर्वेजियन अभ्यासकांबद्दल एक लेख लिहिला. सहा महिन्यांहून कमी आणि अठरा महिन्यांहून जास्त राहिलेले लोक बऱ्यापैकी रुळलेले दिसले. मधल्या काळातले सर्वांत कमी. तुम्ही आठव्या महिन्यात आहात. अर्थात हा काही सृष्टीचा नियम नव्हे. पुढे न्यूझीलंडमध्ये शिकायला आलेल्या जपानी विद्यार्थ्यांची पहिल्या दिवसांपासून वर्षभर पाहणी झाली, तेव्हा त्यांना सुरुवातच सगळ्यात जड गेलेली आढळली. म्हणजे कुणाचं आधी बिघडतं, कुणाचं नंतर. पण पहिल्या तिमाहीत मजेत असलेल्या माणसाचा सातव्या-आठव्या महिन्यात धीर सुटणं, हे अनेकांच्या बाबतीत घडलेलं आहे. तो तुमच्या स्वभावाचा दोष नाही.

नेमकं काय दुखतं, ते कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने फार नेटकं मांडलं आहे. १९५४ मध्ये रिओ दि जानेरोच्या एका महिला मंडळात त्याने या विषयावर भाषण केलं होतं. त्याचं म्हणणं असं की परक्या ठिकाणी माणूस एखाद्या मोठ्या संकटाने खचत नाही, रोजच्या बारीकसारीक खुणा हरवल्याने खचतो. भेटल्यावर हात पुढे करायचा की नाही, आमंत्रण खरं आहे की नुसतं बोलण्यापुरतं, समोरचा गंभीरपणे बोलतोय की गमतीने. आपल्या गावात यातल्या कशाचाही आपण विचार करत नाही. इथे प्रत्येक वेळी करावा लागतो, म्हणून दिवसभरात काहीच न करता तुम्ही दमता. संध्याकाळी नवऱ्याने 'आज काय केलंस?' विचारलं की सांगण्यासारखं काही नसतं, पण थकवा खरा असतो. हे त्यांना एकदा नीट सांगा.

आता त्यांच्या 'ओळखी आपोआप होतील' बद्दल. ते मनापासून बोलत असणार, कारण त्यांच्या त्या खरंच आपोआप झाल्या. ऑफिसने त्यांना पहिल्याच दिवशी जागा दिली, वेळ दिली आणि रोज दिसणारी तीच तोंडं दिली. नव्या शहरात सगळ्यात दुर्मिळ असलेली गोष्ट त्यांना पगारासोबत मिळाली. तुम्हाला ती मुद्दाम उभी करावी लागणार आहे. 'बाहेर पड' हा सल्ला म्हणूनच अपुरा आहे. रोज वेगळ्या रस्त्याने फिरून आलात तर पाय दुखतील, ओळख एकही होणार नाही.

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या आवारात विवाहित विद्यार्थ्यांची वसाहत होती. तिथे कुणाची कुणाशी मैत्री झाली, हे लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं. ते संशोधन १९५० मध्ये प्रसिद्ध झालं. शेजारच्या दाराशी मैत्री होण्याचं प्रमाण ४१ टक्के निघालं, एक घर सोडून पलीकडच्या दाराशी २२ टक्के, आणि त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाशी १० टक्के. स्वभाव, आवडीनिवडी यांच्याआधी येता-जाता दिसणं कामाला आलं. जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांच्या तर वरच्या मजल्यावरही ओळखी जास्त, कारण सगळे त्यांच्या दारावरून जायचे. मैत्रीण शोधायला निघू नका, असं मी म्हणते ते यामुळेच. लोक जिथून येतात-जातात अशी एक जागा शोधा आणि तिथे ठरलेल्या वेळी दिसत राहा.

ती जागा निवडताना माझे काही आग्रह आहेत. ती घरापासून चालत किंवा एका बसने जाता येण्यासारखी हवी, नाहीतर पावसाच्या पहिल्या दिवशी बेत रद्द होतो. तिथे दर वेळी तीच माणसं यायला हवीत; दर महिन्याला वेगळा जमाव जमणारे मोठे कार्यक्रम यासाठी निरुपयोगी आहेत. आणि तिथे हाताला काही काम हवं. पोहणं, शिवण, गाणं, सामुदायिक बागेत माती उकरणं, ग्रंथालयातला वाचनगट, काहीही चालेल. हाताला काम असलं की गप्प बसणंही अवघडल्यासारखं वाटत नाही, आणि कच्च्या भाषेच्या माणसाला ही फार मोठी सवलत आहे. तुमच्या बाबतीत पहिली निवड मी भाषेच्या वर्गाची करीन. भाषा तिथे येईलच, पण तो माझ्यासाठी दुसरा फायदा आहे. शहरातली ही एकच खोली अशी आहे जिथे सगळेच नवे असतात, सगळेच चुकतात आणि कुणालाच आधीपासूनचा गट नसतो. फोनवरच्या ॲपने ही गरज भागणार नाही. खोलीत बसून, शेजारी माणूस असलेला वर्गच घ्या. नव्याने आलेल्यांसाठी नगरपालिका, सार्वजनिक ग्रंथालयं किंवा स्वयंसेवी संस्था असे वर्ग अनेक देशांत मोफत किंवा अल्प शुल्कात चालवतात. आधी ग्रंथालयात जाऊन विचारा.

मुलाला शाळेत सोडायला-आणायला कोण जातं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नवरा जात असेल, तर निदान आणण्याचं काम उद्यापासून तुमच्याकडे घ्या. शाळेचं फाटक ही तुमच्या वाट्याला आयती आलेली जागा आहे: तेच पालक, तीच वेळ, आठवड्यातून पाच दिवस, आणि बोलायला सगळ्यांना एक समान विषय. दोन मिनिटं लवकर पोचा आणि फोन पिशवीतच राहू द्या. पहिले कित्येक दिवस नुसतं हसून मान हलवणं एवढंच होईल. होऊ द्या.

मंडळात दोनदा जाऊन निराश होऊन परत आलात, तेही समजतं. पण कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी नुकतंच स्थलांतर केलेल्या प्रौढांचा अभ्यास केला आहे. त्यांचा अंदाज असा की नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास एकत्र घालवावे लागतात, खरी मैत्री म्हणावी असं नातं व्हायला ९०, आणि जिवलग व्हायला २०० हून अधिक. तुम्ही मंडळात फार तर पाच-सहा तास घालवले असतील. तिथे जमलेल्या लोकांनी आपापले तास आधीच भरलेले आहेत, म्हणून ते जवळचे दिसतात. तिसऱ्यांदा जाल तेव्हा पाहुणी म्हणून जाऊ नका. आधी फोन करून 'खुर्च्या लावायला, मुलांचे खेळ घ्यायला कुणी हवंय का?' असं विचारा. काम करणाऱ्या माणसाशी लोक स्वतः येऊन बोलतात. कोपऱ्यात बसलेल्या पाहुणीशी बोलायचं कसं, हे त्यांनाही उमगत नाही.

मंडळात गेलं की इथल्या लोकांत मिसळणं राहून जातं, असं कुणी तुम्हाला सांगेल. मला ते पटत नाही. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांनी या विषयावर अनेक दशकं काम केलं आहे. त्यांच्या मते आपलं जपणं आणि नव्या समाजात मिसळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक वाढली म्हणून दुसरी कमी होत नाही. १३ देशांतल्या स्थलांतरित मुलांच्या पाहणीत दोन्ही करणारी मुलं सर्वांत चांगली रुळलेली दिसली. मंडळ आणि भाषेचा वर्ग, दोन्ही ठेवा. तिसरं काही मात्र इतक्यात घेऊ नका. सगळीकडे नाव नोंदवून महिनाभरात सगळंच सोडून देणारी माणसं मी खूप पाहिली आहेत.

पत्रातल्या ज्या ओळीपाशी मी थांबले, ती बँक-डॉक्टर-शाळेची. तुमचे यजमान हे सगळं प्रेमाने करत आहेत. तरीही यातलं काही तुमच्या हातात आलंच पाहिजे. कामं उरकण्यातूनच शहर कळतं: कुठल्या खिडकीवर उभं राहायचं, कुठला कागद मागतात, कुणाला काय म्हणायचं. आठ महिने हे सगळं दुसऱ्याने केलं, तर नववा महिनाही पहिल्यासारखाच वाटणार. शाळेचा व्यवहार पूर्ण तुमच्याकडे घ्या. शिक्षकांना लिहिलेला निरोप आधी घरी दोनदा वाचलात तरी चालेल. तुमच्या नावाचं बँक खातं आणि फोन नंबर नसेल तर तो आधी करा. तुमच्या राहण्याच्या परवान्याची प्रत तुमच्याजवळ असू द्या, त्यावर काय लिहिलंय ते स्वतः वाचा, आणि तो कधी संपतो ते लक्षात ठेवा. डॉक्टरकडे बोलताना अडलात तर दुभाषा मिळेल का विचारा. अनेक देशांत दवाखाने अशी सोय करतात. यजमानांनी सोबत यायला हरकत नाही, पण त्यांनी शेजारी बसावं, बोलायचं तुम्ही. तुम्ही शब्द शोधत असताना मध्ये पडायचं नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. त्यांना ते अवघड जाईल.

मुलाने वाक्य दुरुस्त केलं, त्याचं दुःख मी हलकं समजत नाही. आईपणाची जागाच हलल्यासारखं वाटतं. पण 'मुलं भाषा भराभर शिकतात, मोठ्यांना जमत नाही' हे तुम्ही मनाशी धरून बसला असाल, तर ते सोडा. कॅथरिन स्नो आणि मारियन हुफनागेल-होले या दोघींनी नेदरलँड्समध्ये आलेल्या इंग्रजी भाषकांना डच शिकताना पाहिलं. १९७८ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या काही महिन्यांत सर्वांत वेगाने पुढे गेले ते किशोरवयीन आणि प्रौढ. तीन ते पाच वर्षांची मुलं प्रत्येक चाचणीत मोठ्यांच्या मागे होती. मुलं पुढे निघतात ती नंतर, कारण त्यांना शाळेत रोज कित्येक तास ती भाषा ऐकावी आणि बोलावी लागते. तुमच्या मुलाकडे ते तास आहेत, तुमच्याकडे नाहीत. उच्चारात तो कायम पुढे राहील, तेवढं मान्य करून टाका. आणि त्याच्याशी एक करार करा: दुकानात दुरुस्ती करायची नाही, घरी आल्यावर रोज पाच मिनिटं तो शिक्षक. सहा वर्षांच्या मुलाला हे काम फार आवडतं. त्याच्याशी बाकी सगळा वेळ मराठीतच बोला. इथली भाषा त्याला शाळा देईल. मराठी तुमच्या दोघांखेरीज त्याला कोण देणार?

आता आई. हा भाग लिहिताना मला जपून शब्द निवडायचे आहेत, कारण तो फोन तुमचा आधार आहे आणि तो काढून घ्यायचा माझा मुळीच विचार नाही. पण तो किती वाजता होतो ते बघा. सकाळी, मुलगा शाळेत असताना, म्हणजे वर्ग भरतात, ग्रंथालय उघडं असतं, तुमच्यासारख्या बायका घराबाहेर असतात, नेमक्या त्याच वेळात. या शहराला देण्यासारखे तुमच्याकडे असलेले सगळ्यात चांगले तास रोज फोनवर जातात. शिवाय अडीच तास बोलून तुम्ही आईला खरं काही सांगतच नाही, आणि मला वाटतं, फोन ठेवल्यावर जास्त एकटं वाटतं ते त्यामुळेच. आठवड्यातून दोन-तीन दिवस ठरवा, दोघींना सोयीची वेळ ठरवा, अर्धा-पाऊण तास बोला आणि खरं बोला. 'आई, इथे मन रमत नाहीये, पण मी वर्गाला नाव घातलंय,' एवढं तिला झेपेल. तुमच्या आवाजावरून तिला निम्मं आधीच कळलं असणार. खोटं 'छान' ऐकून तिची काळजी कमी होत नसते. विचारायचीही सोय राहत नाही एवढंच.

तुमच्या व्यवसायाबद्दल थोडक्यात. फिजिओथेरपी हा बहुतेक देशांत परवाना लागणारा व्यवसाय आहे, त्यामुळे नोकरीच्या जाहिराती बघण्याआधी तिथल्या परवाना देणाऱ्या संस्थेकडे पदवीच्या मान्यतेसाठी काय लागतं ते विचारा. गुणपत्रिका, अभ्यासक्रमाचा तपशील, अनुभवाचे दाखले, अधिकृत भाषांतर, भाषेची परीक्षा. यात महिने जातात, आणि तुमच्या जुन्या कॉलेजकडून कागद मिळायलाही बराच वेळ लागू शकतो. कॉलेजकडे त्या कागदांसाठीचा अर्ज या आठवड्यात करा. तोवर एखाद्या वृद्धाश्रमात किंवा पुनर्वसन केंद्रात स्वयंसेवक म्हणून जाता येईल का बघा. तुमच्या राहण्याच्या परवान्यात तशी मुभा आहे का, हे मात्र आधी तपासा. आणि फाटकावरच्या नुसत्या ओळखींना कमी लेखू नका. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना, ज्याने ती सांगितली तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा, असं विचारलं. दहातल्या आठांहून अधिक जणांचं उत्तर 'कधीतरी' किंवा 'क्वचित' असं होतं. जवळच्या माणसांना बहुधा आपल्याला ठाऊक असतं तेवढंच ठाऊक असतं. लांबच्या ओळखीतून नवी बातमी येते.

एक गोष्ट या सगळ्यापासून वेगळी ठेवते. सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराच वेळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, तर हे रुळण्याचं दुखणं आहे असं समजून सोसत बसू नका. डॉक्टरकडे जा आणि याच शब्दांत सांगा. तुम्ही स्वतः आरोग्यक्षेत्रातल्या आहात. रुग्णाला जे सांगितलं असतंत तेच स्वतःला लावा. जीव नकोसा झाल्याचे विचार कधी आले, तर त्याच क्षणी यजमानांना सांगा आणि तिथल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. भाषा कच्ची असली तरी करा.

राहता राहिलं परत जाणं. 'हे बोलायची सोय नाही' असं तुम्ही लिहिलंय, आणि मला वाटतं तुमच्या छातीवरचं निम्मं ओझं तेच आहे. परत जाणं म्हणजे हार, असं मी मानत नाही. नीट विचार करून परत गेलेली आणि समाधानात असलेली माणसं आहेत. पण आज निर्णय घेतलात, तर तो एका अशा शहराबद्दल असेल जे तुम्ही बहुतांशी खिडकीतून पाहिलंय. म्हणून यजमानांशी बोलून एक तारीख ठरवा, साधारण वर्षभर पुढची, म्हणजे सगळे ऋतू एकदा पाहून होतील आणि वर्गाचे तासही भरतील. त्या दिवशी दोघांनी बसून खरोखर ठरवायचं, आणि 'परत जाऊ' हेही एक उत्तर असेल, हे त्यांच्याकडून आजच कबूल करून घ्या. ते कचरले तर हे पत्र त्यांना वाचायला द्या. तारखेच्या आधी तो विषय रोज उगाळायचा नाही, हे तुमच्याकडून. तोवर शनिवारची सकाळ तुमची. मुलगा आणि घर ते बघतील. वर्ग त्या वेळेचा मिळाला तर उत्तमच, नाहीतर मंडळाचं काम त्या सकाळी घ्या.

तुमची,
ताई